आईच्या फोनवरचा मिस्ड कॉल
काल रात्री आईच्या फोनवर एक रिंग वाजली आणि लगेच कट, नंबर +२२२ ने सुरू होणारा, तिला वाटलं मुंबईचा ०२२ असेल, मावशीचं काहीतरी असेल म्हणून ती परत लावणारच होती तेवढ्यात मी फोन हातातून घेतला. +२२२ हा मॉरिटानियाचा कोड आहे, पार आफ्रिकेतला! याला वांगिरी म्हणतात, जपानी शब्द, एक रिंग देऊन कट करायचं. आपण परत लावला की महागडा आयएसडी रेट लागतो, त्यातला वाटा त्या चोरांना मिळतो, म्हणून तर रेकॉर्डेड आवाज लावून आपल्याला लाइनवर अडकवून ठेवतात. आईला एवढंच सांगितलंय, +९१ नसेल तर लावायचा नाही, मला विचार. नंबर ब्लॉक केला आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद कॉलची तक्रार करायच्या चक्षू सुविधेत, रिपोर्टही टाकला.