आमची वाटचाल : "होत आलंय" ते फाटकं कार्ड

आमचं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, हळदीचे पॉलिश ड्रम आणि बेदाण्याची मशिनं बनवतो, आम्ही सगळे मिळून अकरा जण. सुरुवातीला सगळा हिशोब माझ्या डोक्यात, मग भिंतीवर पांढरा बोर्ड आला, त्यावर मार्करनं पार्टीचं नाव आणि पुढं "वेल्डिंग", "रंग" असं काहीतरी. बरं चाललेलं.

मग 2019 चा ऑगस्ट, महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, मी घरात अडकलेलो, निम्मी पोरं गावाकडं, आणि बोर्ड शॉपमध्ये. पार्टीचे फोन सुरू, आमचा ड्रम कुठवर आला, आणि मला खरंच माहीत नाही. पाणी उतरल्यावर भाच्यानं (डिप्लोमा झालाय, आमच्याकडंच ड्रॉइंग करतो) मोबाईलवर ट्रेलो टाकून दिलं, कुठलं काम कुठवर आलं ते दाखवणारं ॲप. बोर्ड, त्यात लिस्ट, लिस्टमध्ये कार्ड, एक ऑर्डर म्हणजे एक कार्ड, काम पुढं गेलं की कार्ड पुढच्या लिस्टमध्ये ओढायचं. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली म्हणे, कानबान. आम्ही लिस्टची नावं मराठीतच ठेवली, ड्रॉइंग फायनल, कापायचंय, वेल्डिंग, असेंब्ली, रंग, ट्रायल, गेलं.

पहिले दोन महिने नुसता वैताग. मी हौसेनं प्रत्येक कार्डावर किती टक्के झालं ते लिहायला लावलेलं. आमचे फिटर मामा, वीस वर्षं हातात पाना, त्यांना विचारलं की "होत आलंय". भाचा लिहिणार 80 टक्के. सोमवारी 80, बुधवारी 80, शनिवारी पण 80, आणि रविवारी कळतंय की बेअरिंगच आलेलं नाही. मामा खोटं बोलत नव्हते हो, त्यांच्या हातचं खरंच होत आलेलं, पण त्या आकड्यावरून पार्टीला तारीख देता येईना. शेवटी टक्के काढूनच टाकले आणि कार्डात चेकलिस्ट घातली, शाफ्ट बसला, बेअरिंग आलं, ड्रम हातानं फिरवून बघितला, मोटर लावून दहा मिनिटं चालवला. अर्धी टिक नसते, झालं किंवा नाही. मामा ॲपला हात लावत नाहीत ते नाहीतच, फोटो काढून भाच्याला पाठवतात, तो टिक करतो.

खरी गंमत पुढं. ट्रेलोत कार्ड एजिंग म्हणून एक पॉवर-अप, म्हणजे वरून जोडायची सोय आहे, ज्या कार्डाला बरेच दिवस कोणी हात लावला नाही ते फिकं पडत जातं, आणि त्यात एक पायरेट मोड आहे, त्यात कार्ड जुन्या नकाशासारखं पिवळं पडतं, तडकतं, फाटतं. पोरांनी गंमत म्हणून तो लावला. डिसेंबरचा महिना, जानेवारीपासून हळद काढायला लागतात म्हणून ऑर्डरींची गर्दी, आणि मी रोज वेल्डिंगवाल्यांवर ओरडतोय की काम तुमच्यापाशी तुंबतंय. एका सकाळी भाच्यानं स्क्रीन समोर धरली. वेल्डिंगची कार्डं कोरी करकरीत. फाटकी सहाच्या सहा "ड्रॉइंग फायनल" मध्ये, म्हणजे माझ्या सहीसाठी थांबलेली! वेल्डर काही बोलला नाही, नुसता हसला, ते जास्त लागलं.

त्यानंतर माझ्या लिस्टला लिमिट लावलं, एका वेळी दोनच कार्डं, तिसरं आलं की नवीन इन्क्वायरी बघायची नाही, आधी सही. नेहमीच्या मापाचे ड्रम भाचा स्वतःच फायनल करतो, मी फक्त वेगळ्या मापाचे बघतो. वेल्डिंगला तीनचं लिमिट आहे, कारण तेवढीच जागा आहे, चौथा सांगाडा ठेवला तर दारातनं गाडी आत येत नाही.

सध्या एकच फाटकं कार्ड आहे, तासगावच्या पार्टीचं बेदाण्याचं मशीन, शाफ्टचं माप मी अजून ठरवलेलं नाही. मामा रोज सकाळी चहाला विचारतात, "झालं का मालक?"

मी म्हणतो, होत आलंय.