सोळा पानांत पानशेतचा पूर

मला चित्रं बेताची येतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली, इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली आणि त्यानंतर दिवाळीच्या रांगोळीपलीकडे हात गेला नाही. नोकरी सहकारी बँकेत, काउंटरवर. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘कॉमिक करायचं फार मनात आहे हो, पण चित्रं कुठे येतात’ असं म्हणणारे खूप भेटतात. माझं कॉमिक झालं. सोळा पानं, ए-फाइव्ह आकार, आतून काळं-पांढरं. चित्रांनी छळलं खरं, पण पानांच्या हिशेबाने आणि अक्षरांनी त्याहून जास्त छळलं. त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही.

गोष्ट माझ्या आत्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. आत्या तेव्हा आठ वर्षांची, शनिवार पेठेत, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावर वाडा. आमच्या घरात दर पावसाळ्यात हा विषय निघतोच. या वेळी मी फोनवर रेकॉर्डिंग लावून बसले. आत्याच्या गोष्टीत पूर यायला अर्धा तास लागतो. त्याआधी कोणत्या खोलीत कोण भाडेकरू, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, हे सगळं येतं. लिहून काढलं तर वही भरली.

आता गणित बघा. पानाला चार-पाच चौकटी धरल्या तर सोळा पानांत सत्तरेक चौकटी होतात. एका चौकटीत वीस-पंचवीस शब्दांच्या वर मजकूर गेला की चित्राला जागाच राहत नाही. म्हणजे आत्याच्या वहीभर बोलण्यातलं फार थोडं आत जाणार. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं बघत मोठी झाले, त्यांत एक शब्द नसतो आणि सगळं कळतं. तेवढी ऐपत आपली नाही, पण एक नियम तिथून उचलला : जे चित्रात दिसतंय ते मजकुरातून खोडायचं. पणजीने देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले, आजीने पितळी स्टो उचलला आणि अण्णा, म्हणजे माझे आजोबा, दाराला लावायचं कुलूप शोधत होते. पूर दारात आणि हे कुलूप शोधतायत! आत्या हे पाच मिनिटं रंगवून सांगते. मी तीन चौकटी काढल्या, तिन्ही बिनशब्दांच्या. तिसऱ्या चौकटीत बंद दार, त्याला व्यवस्थित लावलेलं कुलूप आणि दाराखालून आत जाणारं पाणी.

पानांचा हिशेब असा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात एक कागद दुमडला की चार पानं होतात, त्यामुळे एकूण पानं चारच्या पटीतच येतात. बारा, सोळा, वीस. चौदा पानांची गोष्ट सुचली तर दोन कापा नाहीतर दोन वाढवा. मी चार ए-फोर कागद एकात एक ठेवून दुमडले, कडेला आकडे टाकले आणि त्या डमीवरच काड्यांच्या माणसांनी सगळी गोष्ट रेखाटली. ही डमी हातात धरून उलटली की कळतं की पान एक उजवीकडे येतं, म्हणून सम आकड्याचं पान नेहमी उलटल्यावर समोर येतं. वाचणाऱ्याला धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर आणि त्याआधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अशी हवी की पान उलटावंसं वाटेल. सातव्या पानाच्या शेवटी अण्णा गल्लीच्या तोंडाकडे बघतायत, एवढंच ठेवलं. काय बघतायत ते आठव्यावर.

आणि आठवं-नववं पानच का, त्याला आणखी एक कारण आहे. सोळा पानांच्या पुस्तकात आठ आणि नऊ हा मधला जोड, दोन्ही पानं एकाच सलग कागदावर असतात. बाकी कुठलीही समोरासमोरची दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि बांधणीत मिलिमीटरभर तरी इकडेतिकडे होतात. तिथे दोन पानांवर पसरलेलं चित्र काढलं की माणसाचं नाक अर्धं वर, अर्धं खाली. पूर मला दोन पानं भरून हवा होता, म्हणून अख्खी गोष्ट मागेपुढे सरकवून पाणी बरोबर मध्यावर आणलं.

सामान अप्पा बळवंत चौकातून घेतलं : कार्ट्रिज पेपर, ०.३, ०.५ आणि ०.८ची मायक्रोटिप पेनं, एक ब्रश पेन आणि फिकट निळी पेन्सिल. निळी अशासाठी की शाई मारल्यावर खोडत बसावं लागत नाही, स्कॅन करताना तो निळा सहज उडवता येतो. चित्रं ए-फोरवर काढून ए-फाइव्हला छापायची ठरवली. दोन्हींचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकच, त्यामुळे काहीही न कापता चित्र सत्तर टक्क्यांवर येतं आणि हाताची थरथर त्यात बरीच झाकली जाते. मात्र रेषाही तेवढ्याच बारीक होतात, म्हणून ०.१ची पेनं घेतलीच नाहीत.

वाडा आतून कसा असतो ते फोटोंवरून नीट कळेना. ओसरीचे खांब, दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार, जिन्याची उंच पायरी हे प्रत्यक्ष बघून काढायचं म्हणून रविवारी सकाळी कसबा आणि शनिवार पेठेत वही घेऊन हिंडले. उरलेले वाडे मोजकेच. एका ओट्यावर बसून दिंडी काढत होते तर आतून एक आजोबा आले आणि म्हणाले, “बिल्डरकडून आलाय का?” चित्र दाखवल्यावर चहा मिळाला.

माणसांची चेहरेपट्टी प्रत्येक चौकटीत तीच ठेवणं हे नवख्याला खरंच अवघड जातं. मी चेहऱ्यावर भिस्त ठेवलीच नाही. आत्याला दोन घट्ट वेण्या आणि परकर-पोलकं, अण्णांना टोपी, पणजीच्या डोक्यावर पदर. नुसती सावली काढली तरी कोण ते कळलं पाहिजे. सगळ्यांची समोरून, बाजूने आणि पाठमोरी चित्रं एका कागदावर काढून टेबलासमोर चिकटवली.

मधल्या पानांना हात घालण्याआधी आत्याला विचारलं, “लाट केवढी होती गं?”

“लाट? समुद्र आहे का तो? पाणी चढलं. आधी पायरी दिसेना, मग उंबरा, मग खिडकीचे गज. आपण बघतोय तोवर.”

या एका वाक्याने दोन पानांचं काम केलं. मी दोन्ही पानांवर मिळून एकच सलग गल्ली काढली आणि तिला उभ्या चौकटींमध्ये विभागलं. घरं तीच, भिंत तीच, पण डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक चौकटीत पाणी थोडं वर. पहिलीत पायरी बुडालेली, शेवटच्या चौकटीत गजांच्या वरचं टोक तेवढं दिसतंय. पाण्याला लाटांच्या रेघा दिल्या नाहीत. ब्रश पेनने गच्च काळं केलं आणि पाट, डबे, एक पाळणा एवढ्या जागा कोऱ्या सोडल्या. आवाजासाठी ‘घों घों’ हाताने लिहिलं आणि त्याची शिरोरेघ पाण्याच्या पातळीलाच जोडून टाकली, त्यामुळे मात्रा आणि अनुस्वार पाण्याच्या वर तरंगतात आणि अक्षरं आत बुडालेली. अख्ख्या पुस्तकात माझं मलाच आवडलेलं काही असेल तर ते हे.

आता अक्षरं. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल, सगळी एका उंचीची, ओळीला ओळ चिकटवली तरी चालतं. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. ओळींत अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. त्यामुळे इंग्रजीत चार ओळी मावतील तिथे मराठीत तीन. त्यात आपले शब्द लांब. ‘खडकवासल्याच्या’ हा एकच शब्द संवादाच्या फुग्याची अख्खी ओळ खातो, आणि शब्द तोडून पुढच्या ओळीत नेला तर वाचताना ठेच लागते. मी तिथे ‘धरणाच्या’ केलं. सवय अशी लावून घेतली की पेन्सिलीच्या टप्प्यावरच आधी मजकूर लिहायचा, मग त्याभोवती फुगा आणि उरलेल्या जागेत डोकी. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा राहणार, हेही तेव्हाच ठरवावं लागतं, कारण डोळा डावीकडून उजवीकडे जातो.

मजकूर संगणकावर, इंकस्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. ते फुकट मिळतं आणि युनिकोड देवनागरी नीट दाखवतं. चित्रांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात, तेव्हा आधी ‘शक्ती’, ‘विद्यार्थी’, ‘पुऱ्या’ असं चार शब्द टाकून बघा. फॉन्ट ‘कलम’ घेतला, हस्ताक्षरासारखा आहे आणि मोफत वापरता येतो. शुद्धलेखन शेजारच्या निवृत्त बाईंकडून तपासून घेतलं. पुण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असलेलं पुस्तक वाटायची माझी छाती नाही.

छपाईसाठी नारायण पेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये गेले. पहिला प्रश्न, “किती कॉपी?” मी म्हटलं, शंभर. “मग डिजिटलच करा. ऑफसेटला प्लेटचाही खर्च निघायचा नाही.” दुसरं वाक्य, “आणि ताई, फाइल कर्व्ह करून आणा, नाहीतर आमच्याकडे अक्षरं नाचतील.” म्हणजे मजकुराचं रूपांतर आकारांमध्ये करायचं, मग त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट असो-नसो. बाकी सूचना अशा : रेषाचित्रं ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा, ३००ला कडा खरबरीत दिसतात. जे चित्र पानाच्या कडेपर्यंत जातं ते चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त काढा, कटिंगमध्ये तेवढं जातं. मजकूर कडेपासून आत ठेवा. काळा म्हणजे निव्वळ काळा, चार रंग मिसळून केलेला नको. पानं सरळ एक ते सोळा क्रमाने द्या, कुठलं पान कुठल्या पानाशेजारी छापायचं ते प्रेसवाले लावून घेतात.

कागदावर मात्र मी अडून बसले. ते सत्तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा कागद, म्हणत होते. पण माझी मधली दोन पानं जवळजवळ पूर्ण काळी, पातळ कागदावर तो काळा मागच्या सातव्या आणि दहाव्या पानावर दिसला असता. गुळगुळीत आर्ट पेपरवर काळ्या भागावर बोटांचे ठसे उमटतात. शेवटी शंभर जीएसएम मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, घेतला आणि कव्हरला जाड आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. आधी एकच प्रत काढून घेतली, उन्हात धरून पाहिली, मग बाकीच्या. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, पण घरात आणि ओळखीत वाटायच्या पुस्तकाला मी तो घेतला नाही.

गोष्टीचा शेवट पाण्याच्याच टंचाईवर केलाय. खडकवासल्याचं धरण गेलं म्हणजे नळही गेले. चिखल उपसणाऱ्या शहरात प्यायला पाणी नाही आणि आत्या विहिरीवर कळशी घेऊन रांगेत. हे आजच्या पोरांना माहीत नसतं. माझ्या भाच्याने वाचून विचारलं, “मग टँकर का नाही मागवला?”

आत्याने पंचवीस प्रती हक्काने उचलल्या आणि भिशीत वाटल्या. तिथे जो तो आपापला पूर घेऊन आला. कुणाकडे पाणी माडीपर्यंत, कुणी रात्र कौलांवर काढलेली. एका काकूंच्या माहेरचं घर वाहून गेलं आणि ती मंडळी पुढे गोखलेनगरला राहायला गेली. त्यांचा रात्री साडेनऊला फोन, “आमचं कधी काढतेस?” मी म्हटलं, काकू, आधी तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करते. येत्या रविवारी जायचंय. जुने फोटो आहेत म्हणाल्या, पण घराबाहेर देणार नाहीत, तेव्हा स्कॅनर पिशवीत घालून मलाच न्यावा लागेल.