मालदीवमध्ये मुलांना घेऊन शार्कसोबत पोहायचंय? फुलिधूचा अनुभव आणि थोडी कामाची माहिती

रिसॉर्टचं बजेट आमचं नव्हतंच, त्यामुळे आम्ही वावू अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) फुलिधू नावाच्या लोकल आयलंडवर, म्हणजे स्थानिक लोकांची वस्ती असलेल्या बेटावर राहिलो. मी, नवरा, आमची लेक आणि माझे भाऊ-वहिनी. मुंबई ते माले डायरेक्ट फ्लाईट, तिथून स्पीडबोट. भारतीय पासपोर्टला व्हिसा पोचल्यावर मिळतो, फक्त निघायच्या आधीच्या 96 तासांत इमुगा नावाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो, तो विसरू नका. लोकल आयलंडवर दारू मिळत नाही आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवर. एवढं पाळलं की बाकी लोक फार प्रेमळ आहेत. इतर गोष्टी सगळीकडे लिहिलेल्या सापडतील, मला मुख्य लिहायचंय ते शार्कबद्दल, कारण निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने तेच विचारलं होतं.

तर पहिल्याच सकाळी बीचवर गुडघाभर पाण्यात ते दिसले. ब्लॅकटिप रीफ शार्क, बहुतेक पिल्लंच, हातभर लांबीची. पाठीवरच्या पंखाचं टोक एकदम काळंभोर, शाईत बुडवल्यासारखं, आणि त्याच्या खालीच पांढरा पट्टा, त्यामुळे काळं आणखी उठून दिसतं. पाणी इतकं उथळ की पंख पाण्याबाहेर. अंग पिवळसर तपकिरी, वाळूच्या रंगात मिसळून जाणारं. लेकीने माझा हात घट्ट धरला, "आई, चावेल का गं?" आम्ही नुसते उभे राहिलो, काही हालचाल नाही, आणि थोड्या वेळात एक पिल्लू आमच्यापासून दोन-तीन हातांवरून वळून गेलं. भाऊ फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकतो न टाकतो तोच सगळी सर्रकन खोल पाण्याकडे पसार. इतका भित्रा प्राणी आहे हा.

पिल्लं किनाऱ्याला का असतात तर खोल पाण्यात त्यांना खाणारे बरेच असतात, मोठे ग्रुपर मासे, दुसऱ्या जातीचे शार्क, कधीकधी स्वतःच्याच जातीतले मोठे. जन्मतात तेव्हा साधारण 40-50 सेंटीमीटरची असतात. आणि हो, हे शार्क अंडी घालत नाहीत, मादीच्या पोटात पिल्लं नाळेवर वाढतात, एका वेळी साधारण दोन ते पाच, आणि त्यालाही बरेच महिने लागतात. मोठा झालेला ब्लॅकटिप बहुतेक वेळा दीड-पावणेदोन मीटरच्या आतच असतो. श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, तोंडातून पाणी आत आणि कल्ल्यांतून बाहेर, थांबला की संपलं. (व्हाईटटिप रीफ शार्क मात्र गुहेत तळाशी निवांत पडून राहतो, तो तोंडाने पाणी ओढून घेऊ शकतो. दोघांत गल्लत करू नका.)

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे फार फिरत नाहीत. पॅसिफिकमधल्या पालमायरा अटोलवर अभ्यास झालाय, तिथे एकेका शार्कचा वावर जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरचा निघाला, म्हणजे साधारण पाच शिवाजी पार्क. त्यामुळे एका लगूनमधले (प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी) शार्क मारले तर शेजारून लगेच दुसरे येऊन जागा भरत नाहीत. मालदीवने 2010 मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात शार्कची मासेमारी बंद केली, आपल्याला किनाऱ्यावर सहज शार्क दिसतात त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. जगभरात मात्र ही जात धोक्याच्या यादीत आहे. आपल्याकडे कोकणात मोरी, म्हणजे छोटे शार्क, आवडीने खातात, आमच्या घरीही खायचे, पण इतकी हळू वाढणारी आणि इतकी कमी पिल्लं देणारी जात आहे हे कळल्यापासून मला ते ताट नको वाटतं.

आता धोका. आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये 2009 पर्यंत या जातीचे माणसावरचे एकूण 21 हल्ले होते, त्यातले 11 विनाकारण केलेले, आणि मृत्यू एकही नाही. जे चावे होतात ते बहुतेक उथळ पाण्यात चालणाऱ्या माणसाच्या पायाला, कारण गढूळ किंवा खळबळलेल्या पाण्यात पोटरी त्याला मासा वाटते. म्हणजे गंमत बघा, आपल्याला वाटतं उथळ पाण्यात उभं राहणं सेफ, पण मार्शल बेटांवरचे लोक अशा ठिकाणी चालण्यापेक्षा पोहून जाणं पसंत करतात असं सांगतात. याचा अर्थ घाबरायचं असा नाही, पाणी स्वच्छ असेल, तुम्ही त्याला दिसत असाल, तर तो स्वतःच लांब जातो.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याचा मला राग आलाय. आम्ही एका बोटीवर नर्स शार्क बघायला गेलो, तिथे गाईडने माशांचे तुकडे सरळ पाण्यात टाकले, आणि मोठे मोठे नर्स शार्क, स्टिंगरे, सगळे एकावर एक, मध्ये आमच्यासारखे लोक हातपाय मारतायत. नर्स शार्क स्वभावाने शांत आहे पण जबडा जबरदस्त, तोंडाने खेचून घेतो, हाताचं बोट मध्ये आलं तर तो सोडत नाही. आम्ही लेकीला पाण्यात उतरवलंच नाही. माणूस दिसला की खाणं मिळतं हे शार्कला शिकवायचं आणि मग चावला तर शार्कला दोष द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही. बुकिंगच्या आधी स्पष्ट विचारा, खाणं टाकता का? हो म्हणाले किंवा टाळाटाळ केली तर दुसरा गाईड बघा, आम्हाला दुसऱ्या दिवशी चांगला मिळाला आणि काही न टाकताही रीफच्या (प्रवाळाच्या खडकाच्या) कडेला मोठे ब्लॅकटिप आरामात दिसले.

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. सकाळी लवकर बीचवर जा, वारा नसताना, पोलराइज्ड गॉगल घालून, पाण्यातलं सगळं स्वच्छ दिसतं. किनाऱ्याला बारीक चंदेरी माशांचा थवा उसळताना दिसला, मासे वाळूवर उड्या मारतायत असं झालं, तर शार्क शिकार करतोय, तेव्हा पाण्याबाहेर या आणि बाहेरूनच बघा, बघायला फार भारी असतं ते. मुलांना पिल्लांच्या मागे पळू देऊ नका, शेपटी धरायचा प्रयत्न तर कोणीच करू नये, छोटा शार्क पण उलटा वळून चावतो. हातातल्या चकचकीत बांगड्या, पैंजण काढून ठेवा, उन्हात माशाच्या खवल्यासारखे चमकतात. मासे साफ करतात त्या जेटीजवळ पोहू नका. पाण्यात बघायचा मास्क स्वतःचा न्या, भाड्याचे गळतात. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट) बरा, कोरललाही बरं.

चुकून चावा बसलाच तर जखम दाबून धरून रक्त थांबवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि छोटी वाटली तरी हेल्थ सेंटरला जा, समुद्राच्या पाण्यातल्या जखमेला इन्फेक्शन पटकन होतं आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं. छोट्या बेटावर मोठं हॉस्पिटल नसतं, त्यामुळे ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बोटीने किंवा विमानाने हलवायचा खर्च आहे का ते वाचून घ्या.

जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. शुक्रवारी बोटी कमी असतात, परतीची फ्लाईट त्याच्या आसपास असेल तर स्पीडबोटची सीट आधीच सांगून ठेवा.