मनीऑर्डरची कुपनं बाहेर, आंब्याची पट्टी आत

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाच्या अर्जात ‘वर्ग’ नावाचा एक रकाना असतो. आमचं गाडं तिथेच अडलं. वेंगुर्ल्याच्या घरात माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यातला तीन पिढ्यांचा पत्रव्यवहार मला एका फ्रेममध्ये, म्हणजे १६ पानांत, मांडायचा होता. पोस्टकार्डं, इनलँड, पाकिटं, तारा, पोहोचपावत्या, मनीऑर्डरची कुपनं असं सगळं त्यात होतं. सगळंच पोस्टातून आलेलं, तेव्हा ‘पोस्टल स्टेशनरी’ लिहून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल.

मालवणचे एक निवृत्त पोस्टमास्तर आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला. त्यांनी वरचं कुपन उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “पोस्टान दिल्यानी म्हणान काय झालां गो? टपालाचे पैसे भरल्याची खूण खंय आसा, ती दाखव.”

‘पोस्टल स्टेशनरी’ या वर्गाची सगळी कसोटी एवढीच. तिकीटसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियमही हेच सांगतात: टपालखर्च आधीच भरला आहे हे दाखवणारं तिकीट, चिन्ह किंवा मजकूर त्या कागदावर अधिकृतपणे छापलेला हवा. वरून चिकटवलेल्या तिकिटाच्या जोरावर आत येता येत नाही. आपल्याकडचं १८७९चं पाव आण्याचं पहिलं पोस्टकार्ड या व्याख्येत बसतं, १९५०मध्ये आलेलं इनलँड बसतं, रजिस्टरचं छापील तिकिटाचं लांब पाकीटही बसतं.

खरी गंमत आंब्याच्या कार्डांनी केली. आजोबा मुंबईच्या दलालाकडे हापूसच्या पेट्या पाठवायचे आणि विक्रीची पट्टी, म्हणजे हिशेब, कार्डावर यायची. एका कार्डाच्या मागे दलालाने स्वतःच्या पेढीचं नाव आणि पेट्या, भाव, हमाली, आडत असे रकाने छापून घेतले होते. पुढे मात्र पोस्टाचं छापील तिकीट. ते आत. त्याच पेढीचं दुसरं कार्ड जाडसर, देखणं, हुबेहूब तेच रकाने, पण कार्ड पेढीने स्वतः छापलेलं आणि वर चिकटवलेलं तिकीट. ते बाहेर. आजोबांच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. त्यांचं लक्ष भावाच्या रकान्याकडे. मी मात्र ही दोन कार्डं दोन पानांवर समोरासमोर ठेवायचं ठरवलं. बाहेरचं कार्ड ‘तुलनेसाठी’ असं स्पष्ट लिहून ठेवलं, म्हणजे परीक्षकांना नियम ठाऊक असल्याची खात्री पटते.

बाकीची छाननी पटापट झाली. तारा बाहेर, पोहोचपावत्या बाहेर. तिकीट लावलेली दिवाळीची चित्रकार्डं आणि प्रथम दिवस आवरणं, म्हणजे नवं तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं, बाहेर. ‘बिझनेस रिप्लाय’ची पाकिटं छापील असली तरी त्यांचे पैसे नंतर, पत्र मिळवणारा भरतो, म्हणून तीही बाहेर. मागून आलेलं, जाहिरातीचं २५ पैशांचं मेघदूत कार्ड आत. दर वाढल्यावर छापील तिकिटाशेजारी जादा तिकीट चिकटवलेली इनलँडही आत, कारण मूळचं छापील तिकीट जागेवर आहे. माझ्या मते संग्रहात सर्वांत बोलकी हीच.

मनीऑर्डरच्या कुपनांनी मात्र जीव खाल्ला. आमचं कोकण कित्येक वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललं. फॉर्मच्या तळाचा तुकडा फाडून पैसे घेणाऱ्याला देत, त्यावर चार ओळींची जागा असे. आमच्याकडच्या एकावर लिहिलंय: ‘पावसाआधी शाकारणी करून घेणे. बाकी पैसे पगार झाल्यावर.’ गिरणीत असलेल्या चुलत आजोबांची ही कुपनं १९८२च्या संपानंतर एकदम विरळ होत जातात. यापेक्षा मोठा ऐवज ट्रंकेत नाही. पण त्यांवर छापील तिकीट नाही! मास्तरांशी वाद घालून पाहिला, ते हटले नाहीत, आणि त्यांचंच बरोबर होतं. व्याख्या भावनेपोटी सैल केली की उद्या रेशनकार्डही आत येईल. कुपनं मी खुल्या वर्गासाठी बाजूला काढली. तिथे टपालाच्या ऐवजाबरोबर इतर कागदही चालतात.

शिक्का पुसट असलेल्या कार्डांचा काळ पत्त्यावरून लावला. पिनकोडचे सहा चौकोन छापलेले असतील तर कार्ड १९७२नंतरचं. वेंगुर्ल्यापुढे ‘जि. रत्नागिरी’ असेल तर बहुधा १ मे १९८१च्या आधीचं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. अर्थात, जुन्या सवयीने पुढेही ‘रत्नागिरी’च लिहिणारे आमच्या घरात दोघे होतेच.

मग कोपरा फाडलेली कार्डं. मयताची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती. प्रदर्शनात फाटका नग म्हणजे गुण गेले. तरी एक ठेवलंच, खाली दोन ओळींची टीप लिहून. पाकिटांवरचं छापील तिकीट चौकोनी कापून वहीत चिकटवणारा भाऊ आमच्याच घरात होता. त्या पाकिटांना उपाय नाही. या वर्गात अख्खं पाकीट लागतं, कापलेल्या चौकोनाला फारशी किंमत नाही.

पंधरा पानं लागली आहेत. सोळाव्यावर जबाबी कार्ड हवंय, दोन्ही भाग जोडलेले असलेलं. आमच्याकडे जी आहेत त्यांचा जबाबाचा भाग फाडून पाठवलेला आहे, आणि ते साहजिकच आहे. कुडाळ-सावंतवाडीकडे कुणाच्या ट्रंकेत न फाडलेलं निघालं तर सांगा. बदल्यात आंब्याच्या पट्टीची दोन कार्डं देईन, छापील तिकिटाची.