कडुनिंब न लावता

'हिचं अंगावरचं दूध कसं सोडवलंस गं?' घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलेली प्रत्येक जण मला हे विचारते, आणि पाठोपाठ दबक्या आवाजात, 'काही लावलं होतंस का?' तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही लावलं. सासूबाईंनी कोरफडीचा गर सुचवला, मावशीनं कडुनिंबाचा पाला वाटून. दोघींची मुलं त्यानंच सुटली, म्हणून त्यांना नावं ठेवत नाही. माझा हात धजला नाही, इतकंच.

घाईही नव्हती. वरच्या जेवणाबरोबर 2 वर्षं आणि पुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. लेक 22 महिन्यांची होती, वरणभात नीट खात होती आणि मी रात्रीच्या जागरणांनी पार थकले होते.

आधी दुपारचं बंद केलं. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळचं. मागेल तेवढंच दूध शरीर बनवतं, मागणी हळूहळू कमी झाली की तेही आटत जातं. मध्ये शहाणपणा करून मी दोन वेळा एकदम तोडल्या, तर छाती दगडासारखी झाली आणि गाठ आली. त्रास कमी होण्यापुरतं थोडं दूध हातानं काढलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

संध्याकाळचं अडलं ते गाऊनपाशी. ऑफिसमधून येऊन मी पुढून झिप असलेला गाऊन चढवला की ही 'दुदू, दुदू' करत मांडीवर. भूक वगैरे काही नाही, गाऊन दिसला की दुदू! मग महिनाभर घरातही पंजाबी ड्रेस. उकाड्यात जीव नकोसा झाला, पण मागणं अर्ध्यावर आलं.

रात्रीचं सगळ्यात शेवटी. निजवायचं काम नवऱ्यानं घेतलं. पहिल्या तीन रात्री ती रडली, तो तिला कडेवर घेऊन गॅलरीत रिक्षा मोजत उभा, आणि आतल्या खोलीत मी तोंडावर उशी घेऊन. चौथ्या रात्री सात रिक्षांत झोपली. पुढे सर्दी-ताप आला तेव्हा पाच दिवस पुन्हा पाजलं. मोडलं तर मोडलं.

तो गाऊन आता ओटा पुसायला आहे. परवा तिनं ओळखला. 'आईचा,' म्हणाली, आणि पोळीचा तुकडा घेऊन पळाली.