गव्हाचा अंदाज आणि हातातला सेन्सर

आज गव्हात एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) मोजणारा सेन्सर फिरवून झाला. पीक कांडी धरायच्या सुमारास आहे, उत्पादनाच्या अंदाजाला हीच वेळ बरी. सेन्सर शेंड्यांपासून 60 ते 120 सेंमी वर धरायचा, उंची शेतभर एकच. ट्रिगर दाबून ओळीने चालायचं. सोडला की सरासरी आकडा दिसतो.

माझा आकडा 0.62 आला, पण नुसत्या त्यावरून उत्पादन कळत नाही. पेरणीपासून कमाल-किमान तापमानाची सरासरी 4.4 अंशांच्या वर गेलेले दिवस मोजा आणि आलेल्या आकड्याला त्यांनी भागा. 80 दिवस असतील तर 0.00775. हा रोजच्या वाढीचा वेग. तो आपल्याच भागातल्या मागच्या हंगामांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा. उसनं सूत्र हमखास फसवतं.

तणही हिरवंच, सेन्सर त्यालाही गहू समजतो! दव असताना रीडिंग नको. आणि 0.8 च्या पुढे आकडा जवळजवळ हलतच नाही, दाट आणि अतिदाट पीक सारखंच दिसतं. तिथे सरळ चौकट टाकून फुटवे मोजावेत.

भरपूर नत्र दिलेला एक पट्टा राखला असेल तर त्याच्या रीडिंगला बाकी शेताच्या रीडिंगने भागा. 1.3 आलं तर नत्राला वाव आहे. 1 च्या आसपास असेल तर जादा युरिया वायाच जाणार.