तबकडी दिसेनाशी होते तिथे

सिएटलला आल्यावर लेक वॉशिंग्टन या इथल्या तळ्याशी माझी ओळख झाली ती एका दोरीमुळे. दोरीच्या टोकाला २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी असते, तिला सेकी डिस्क म्हणतात. बोटीच्या सावलीतल्या बाजूने ती हळूहळू सोडायची (गॉगल आधी काढून ठेवायचा!) आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. मग वर ओढताना ती पुन्हा कुठे दिसते ते पाहायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची; ती जितकी जास्त, तितकं पाणी नितळ. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली भूमध्य समुद्रात हा प्रयोग केला. आजही तळ्याची तब्येत बघायची तर सुरुवात इथूनच होते.

माझ्या पहिल्या फेरीत पाच मीटरची खूण पाण्यात गेली तरी तबकडी दिसत होती. १९६३ च्या उन्हाळ्यात ती याच तळ्यात जेमतेम एका मीटरवर नाहीशी व्हायची, हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला.

तेव्हा काठावरच्या गावांचं सांडपाणी तळ्यातच येई, तेही प्रक्रिया केलेलं. घाण काढली जाई, पण फॉस्फरस पाण्यातच राही, आणि शैवालाला तेच खत पुरे. १९५५ मध्ये इथे ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स नावाचं नीलहरित शैवाल सापडलं. झ्युरिकचं तळं बिघडलं तेव्हा तिथेही हेच आलं होतं. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी ही खूण ओळखली आणि पुढे काय होणार ते लोकांना स्पष्ट सांगितलं. सांडपाण्याची एकत्र व्यवस्था करण्याचा प्रस्ताव मार्च १९५८ च्या मतदानात पडला. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मांडला गेला आणि मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात एकेक करत सगळं सांडपाणी तळ्यापासून वळवलं गेलं. फॉस्फरस घटला, शैवाल ओसरलं.

पण मला खरी ओढ आहे ती त्यापुढच्या भागाची. १९७६ मध्ये पाणी अचानक आणखी नितळ झालं, कुणाच्याही अपेक्षेपेक्षा जास्त. कारण होता डॅफ्निया, शैवाल गाळून खाणारा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा जीव. ऑसिलॅटोरियाचे लांब तंतू त्याच्या गाळणीत अडकत, आणि निओमायसिस नावाचा कोळंबीसारखा प्राणी त्याला खाऊन टाकी. तंतू गेले. निओमायसिसही कमी झाले, कारण त्यांना खाणारे छोटे स्मेल्ट मासे वाढले होते. मग डॅफ्नियाला मोकळं रान मिळालं. यातलं शैवाल माणसांच्या निर्णयामुळे गेलं, पण माशांचं गणित कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

एडमंडसन यांनी वर्षानुवर्षं नमुने घेतले नसते तर हे कोडं सुटलंच नसतं. म्हणून पावसात बोटीवर बोटं बधिर झाली तरी मी एकही नोंद चुकवत नाही. इथे दर फेरीनंतर जाळीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. डॅफ्नियाचं अंग पारदर्शक असतं, त्याचं धडधडणारं हृदय सरळ दिसतं. मोजणी सुरू करण्याआधी मी क्षणभर तेच बघत बसते.